संबळ, सह्याद्री आणि साडेचार व्होल्ट

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मराठी विभागाच्या पानांवर पाऊस आला की त्याच्या पाठोपाठ चहा, भजी आणि 'ती' येते, अशी आपल्याकडे जुनी प्रथा आहे. या लेखातही पाऊस आहे, पण तो संशयित आरोपी म्हणून आहे आणि पुढे तो बऱ्यापैकी निर्दोष सुटतो. बाकी लेखात एक डिश अँटेना, पत्त्याच्या जोडाएवढा एक संगणक, एक सेकंडहँड हार्ड डिस्क आणि आपल्या मेसमधल्या पोळ्यांच्या मावशी आहेत. ज्यांना 'टेक्निकल' वाचायचा कंटाळा आहे त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालतील. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल वाचताना आपण सगळे तेच तर करतो!

तर मावशी. मावशींचा थोरला भाऊ गोंधळी. पार्टीत संबळ वाजवायचा. आता मी पडले कॉन्व्हेंटची. संबळ हा शब्द मला तोपर्यंत फक्त आजोबांच्या शब्दकोड्यात भेटलेला. मावशींनी पोळी लाटता लाटता हातवारे करून समजावलं: कमरेला बांधायचे दोन छोटे नगारे, एकाचा आवाज चढा, एकाचा खर्ज, दोन काठ्या, त्यातली एक टोकाला वाकडी. दादा जाऊन दोन वर्षं झाली. घरात त्यांचा एकच फोटो आहे, तोही आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. आवाज तर कुठेच नाही. एका पुतण्याच्या मोबाईलमध्ये होता म्हणे, पण तो मोबाईल विहिरीत पडला.

आणि गेल्या जुलैमध्ये मावशींना गावाकडून निरोप आला. सह्याद्री वाहिनीवर लोककलांचा एक जुना कार्यक्रम दर शनिवारी रात्री साडेअकराला पुन्हा दाखवतायत, त्यात आपल्या पार्टीचाही भाग लागणार आहे. कुठल्या शनिवारी? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. येत्या चार-पाच आठवड्यांत कधीतरी. इंटरनेटवर मी शोधून पाहिलं, नव्हता. मावशींच्या घरचा टीव्ही पहिल्याच वळवात वीज पडून गेलेला. आपल्या कॉमन रूमला दहाला कुलूप लागतं. मावशी म्हणाल्या, "पोरी, तुझ्या त्या डबीत माझ्या दादाचं घेता यील का गं?"

डबी म्हणजे माझा रास्पबेरी पाय. सिनिअर मुलींच्या फायनल इयर प्रोजेक्टमधून उरलेला, चार्जर-केबलसकट वारसाहक्काने माझ्याकडे आलेला. २०१२ च्या फेब्रुवारीत हे संगणक पहिल्यांदा विक्रीला आले, ते मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून. माझ्याकडचा २०१९ चा, चौथ्या पिढीतला. त्यावर लिनक्स चालतं आणि टीव्हीहेडएंड नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर चालतं. ट्यूनर जोडला की ते वाहिन्या शोधतं, वेळापत्रक ठेवतं आणि सांगितलेल्या वेळी कार्यक्रम डिस्कवर उतरवून ठेवतं. निदान त्याच्या माहितीपानावर तरी असंच लिहिलेलं असतं.

छत्री आयतीच होती. (डिशला छत्री म्हणतात, पावसाळ्यात हे ऐकायला फार गंमत वाटते.) कॉमन रूमच्या टीव्हीला दूरदर्शनची फ्री डिश आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्यांवर सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. हा नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कौरूहून एरियान-५ रॉकेटने वर गेला आणि आता विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. पुण्याच्या आसपास उभं राहून पाहिलं तर तो बरोबर आग्नेयेला, जवळजवळ ५९ अंश उंच दिसायला हवा. दिसत नाही, पण छत्रीला दिसतो.

छत्रीच्या तोंडाशी जो डबा असतो तो एलएनबी. डिशवाले त्याला हटकून 'एलएमबी' म्हणतात, आणि खरं नाव उच्चारलंत तर तुमच्याकडेच संशयाने बघतात. आकाशातून येणारी लहर असते ११०९० मेगाहर्ट्झ वगैरे. एवढी वरची फ्रिक्वेन्सी साध्या केबलमधून गच्चीवरून खाली येईपर्यंत मरून जाईल. म्हणून हा डबा त्यातून ९७५० वजा करतो आणि १३४० मेगाहर्ट्झ खाली पाठवतो. इतकं साधं वजाबाकीचं काम! पण हा ९७५० चा आकडा सॉफ्टवेअरला बरोबर सांगितला नाही तर ते भलत्याच ठिकाणी वाहिन्या शोधत बसतं. आपल्या एलएनबीला सुदैवाने दोन तोंडं निघाली. एक कॉमन रूमच्या बॉक्सला गेलेलं, दुसऱ्यावर कुंभारमाशीने घर बांधलेलं. तिला बेघर करून मी केबल जोडली आणि जिन्याखालच्या खोलीत, झाडू-बादल्यांच्या शेजारी, डबीचा संसार मांडला.

लिनक्समध्ये सगळी उपकरणं 'देव' नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. ट्यूनर ओळखला गेला की तिथे 'डीव्हीबी' नावाचा कप्पा उघडतो आणि त्यात अडॅप्टर शून्य अवतरतो. पहिल्या दिवशी अवतरला नाही. कर्नलच्या नोंदींमध्ये एका ओळीत कारण होतं: फर्मवेअरची फाइल सापडत नाही. ट्यूनरच्या चिपला दर वेळी जाग आली की स्वतःचा प्रोग्रॅम बाहेरून भरवावा लागतो, लहान मुलाला दूध पाजावं तसा. ती फाइल योग्य जागी ठेवली, डबी पुन्हा सुरू केली आणि देव पावला. माझी रूममेट हा विनोद आठवडाभर करत होती.

यावर रेक्टर मॅडमची परवानगी हा वेगळा अध्याय होऊ शकेल. आपल्याकडे इस्त्री, शेगडी, किटली सगळं जप्त होतं. मग ही रात्रभर चालणारी डबी कशी चालेल? मी हिशेब मांडला. डबी, ट्यूनर, डिस्क मिळून १५ वॉट धरले तर चोवीस तासांत ०.३६ युनिट. दीड हजार वॉटची किटली पंधरा मिनिटं लावली तर ०.३७५ युनिट. मॅडमनी कागद नीट वाचला, होकार दिला, आणि मग शांतपणे विचारलं, "किटली कोणाकडे आहे?" असो.

पहिला शनिवार. रात्री निवांत झोपले. सकाळी फाइल होती, चाळीस मिनिटांची, चित्र स्वच्छ, आणि त्यात लोककला नव्हतीच! भलताच कार्यक्रम. फाइलच्या नावात मात्र २३:३० असंच लिहिलेलं. सगळ्यांनी निष्कर्ष काढला की वाहिनीने कार्यक्रम बदलला. पण कॉमन रूमच्या टीव्हीवर त्या रात्री काय लागलं हे बघणारं कुणी नव्हतं. मग मी रेकॉर्ड झालेल्या भागात वेळेचा काही पुरावा मिळतो का ते शोधलं. मिळाला. उपग्रहाकडून येणाऱ्या प्रवाहात चित्र-आवाजाबरोबर एक छोटासा तक्ताही येत असतो, त्यात तारीख आणि वेळ असते. त्या तक्त्यानुसार रेकॉर्डिंग सुरू झालं होतं रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी.

म्हणजे डबीचं घड्याळ दोन तास दहा मिनिटं मागे. का? तर संध्याकाळी लाइट गेली होती, सव्वासहाच्या सुमारास, आणि आली साडेआठच्या आत. माझ्या पायवर सेलवर चालणारं घड्याळ नसतं (२०२३ च्या पाचव्या पिढीत ते आलं). तो बंद पडताना जी वेळ शेवटची लिहून ठेवलेली असेल तिथूनच पुन्हा मोजायला लागतो, आणि मग नेटवरून खरी वेळ विचारून घेतो. पण हॉस्टेलच्या नेटमध्ये शिरायला पासवर्डचं पान भरावं लागतं, आणि ते पान भरायला डबीजवळ कोण बसलंय? बिचारी रिप व्हॅन विंकलसारखी उठली आणि मागच्याच वेळेवर विश्वास ठेवून कामाला लागली.

उपाय मात्र मला फार आवडला. वेळ नेटला विचारायचीच नाही, उपग्रहालाच विचारायची! टीव्हीहेडएंडमध्ये तशी सोय आहे. फक्त घड्याळ बदलण्याचा अधिकार त्याला द्यावा लागतो. तक्त्यातली वेळ जागतिक असते, म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा तिथे संध्याकाळचे सहा. आणि तारीख लिहिण्याची पद्धत तर भन्नाट. १७ नोव्हेंबर १८५८ पासून, म्हणजे उठावानंतरच्या वर्षापासून, किती दिवस झाले एवढा फक्त एक आकडा. त्याला सोळा बिट दिलेत, त्यामुळे तो ६५,५३५ च्या पुढे जाऊ शकत नाही. तो दिवस येतो २२ एप्रिल २०३८ ला. तेव्हा मी तिशी ओलांडलेली असेन. कुणाला तरी दुरुस्तीचं कंत्राट मिळेल.

दुसरा शनिवार. बाहेर धो धो. फाइल बरोबर वेळेची, कार्यक्रमही तोच. पण दर काही सेकंदांनी चित्राचे चौकोनी तुकडे, कलाकाराचं तोंड एकीकडे आणि फेटा दुसरीकडे, आवाजात टक्-टक्. नशीब की त्या दिवशी दुसऱ्याच पार्टीचं भारूड होतं. मेसमध्ये एकमताने निकाल लागला: पाऊस. अगदी पोहे वाढणाऱ्या काकांनीही "पावसात डिश जातेच की" म्हणून शिक्कामोर्तब केलं.

आणि ते चूकही नाही. या फ्रिक्वेन्सीची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, जोराच्या पावसातले थेंब ती बऱ्यापैकी खातात. घराघरात दर पावसाळ्यात हेच होतं. पण मला एक गोष्ट खुपत होती. डबीने लिहून ठेवलेल्या नोंदींत सिग्नलचा दर्जा जवळजवळ सपाट होता, साडेअकरा-बारा डेसिबल. पावसाने सिग्नल खाल्ला असता तर हा आकडा कोसळायला हवा होता. तो जागचा हलला नव्हता आणि 'कंटिन्यूइटी' नावाच्या रकान्यात मात्र ३१२ त्रुटी होत्या.

हा रकाना म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. डिजिटल टीव्हीचा प्रवाह म्हणजे एक न संपणारी मालगाडी समजा. प्रत्येक डबा अगदी १८८ बाइटचा. पहिला बाइट कायम एकच, ७१, म्हणजे इंग्रजी जी हे अक्षर. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जी फॉर ग्रेप्स होता, आता माझ्यासाठी जी फॉर गाडी.) पुढे डब्यावर लिहिलेलं असतं की आत कुठल्या वाहिनीचा माल आहे, चित्र आहे की आवाज. एकाच मालगाडीत अनेक वाहिन्यांचे डबे मिसळलेले असतात, सेकंदाला तीन-चार कोटी बिट. रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आपल्याला हवे तेवढे डबे बाजूला काढून गोदामात रचायचे. डबा उघडून बघायचासुद्धा नाही! म्हणूनच एवढुशी डबी हे करू शकते. टीव्ही बघणं जड काम आहे, उतरवून ठेवणं हलकं.

तर प्रत्येक प्रकारच्या डब्यांवर खडूने ० ते १५ असे क्रमांक टाकलेले असतात, पंधरा झाले की पुन्हा शून्य. सात नंतर एकदम दहा आला की समजायचं, दोन डबे वाटेत गळाले. हीच कंटिन्यूइटीची त्रुटी. (नेमके सोळा डबे गळाले तर पत्ताही लागणार नाही. पण इतकी शिस्तबद्ध चोरी सहसा कोणी करत नाही.) आता, डबा आकाशात खराब झाला तर ट्यूनरला ते बहुतेक वेळा कळतं आणि तो तसा शेरा मारतो. इथे शेरे जवळजवळ नव्हते आणि डबे गायब होते. म्हणजे माल स्टेशनपर्यंत नीट आला होता. चोरी स्टेशन आणि गोदाम यांच्या मधे झाली होती, माझ्या जिन्याखालच्या खोलीत.

सोमवारी दुपारी लख्ख ऊन पडलं. मुद्दाम वीस मिनिटं रेकॉर्डिंग लावलं. त्रुटी आल्याच. पाऊस सुटला!

मग एकेक संशयित बाजूला काढायचा. डिस्कवर लिहिण्याऐवजी डबीच्या स्वतःच्या रॅममध्ये वीस मिनिटं उतरवली. सेकंदाला तीन मेगाबिट धरले तर होतात साडेचारशे एमबी, सहज मावतात. त्रुटी शून्य. पुन्हा डिस्क: त्रुटी. पुन्हा रॅम: शून्य. म्हणजे ट्यूनर, केबल, कुंभारमाशी सगळे निर्दोष. डिस्क मंद आहे म्हणावं तर तीन मेगाबिट ही कुठल्याही डिस्कला चेष्टा वाटेल. इथे मी दोन दिवस अडकले.

सुटका केली रेक्टर मॅडमनी. रात्रीच्या राउंडला त्या जिन्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या खेळण्याचा लाल दिवा मधेमधे विझतोय. काही बिघडलंय का?" मी जाऊन बसले तासभर. खरंच विझत होता. आणि डिस्कची घरघर चढली की हमखास. या पायवर लाल दिव्याचा अर्थ असा: पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो विझतो. दिवा लागलेला असणं ही खबर नाही, विझणं ही खबर आहे. नोंदींमध्ये 'अंडर-व्होल्टेज'च्या ओळी होत्याच, हजार इतर ओळींच्या गर्दीत. डबीला तिची प्रकृती विचारणारी एक आज्ञा असते. तिचं उत्तर आलं शून्य एक्स ५०००५. याचं मराठी भाषांतर: पुरवठा आत्ता कमी आहे, पूर्वीही कमी पडलाय, आणि म्हणून मी आत्ता हळू चालतेय, पूर्वीही चालले होते.

बेसिक इलेक्ट्रिकलच्या लॅबमधल्या काकांकडून मल्टिमीटर आणला. चार्जरच्या टोकाला ५.०२ व्होल्ट. केबलच्या दुसऱ्या टोकाला, बोर्डाच्या पिनांवर, डिस्क जोरात असताना ४.५६. मधले ०.४६ व्होल्ट त्या लांबलचक, सुतळीएवढ्या केबलने खाल्ले होते. प्रवाह १.८ अँपिअर धरला तर रोध निघतो पाव ओहम. फक्त पाव! एफईच्या पहिल्या युनिटमध्ये आपण सगळे व्ही बरोबर आय आर लिहितो आणि दोन मार्क घेतो. इथे त्या पाव ओहमने भारूडातल्या बुवांचा फेटा उडवला होता. आणि मीटरला जे दिसतं ते सरासरी; क्षणभराच्या खड्ड्यात व्होल्टेज किती खाली जात असेल ते मीटर सांगत नाही. डिस्क उसळली की व्होल्टेज पडतं, डबी दचकते, आणि तेवढ्यात यूएसबीवरून येणारे दहा-वीस डबे हातातून निसटतात. रॅममध्ये लिहिताना डिस्क झोपलेली, म्हणून सगळं सुरळीत. या पायच्या चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, आणि फिरणारी डिस्क सुरू होतानाच त्यातले बहुतेक एकटी मागते. मोबाईल चार्ज करायला तीच केबल वर्षभर बिनतक्रार चालली असती. मोबाईलला थोडं हळू चार्ज होण्याचं काही वाटत नाही.

मेसच्या रिबेटचे पैसे आले होते. त्यातून स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणला आणि डिस्कचं जेवण वेगळं केलं. डबीला आखूड, जाड केबलचा ५.१ व्होल्टचा चार्जर. लाल दिवा आता स्थितप्रज्ञ. शुक्रवारी रात्रभराची चाचणी लावली. त्रुटी शून्य, पण तीन तास अकरा मिनिटांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबलं! हे कोडं मात्र पाच मिनिटांत सुटलं. फाइलचा आकार बरोबर चार जीबी. डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, आणि तिथे एक फाइल त्याहून मोठी होऊच शकत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी-४ मध्ये पुन्हा फॉरमॅट केली, सिनिअर्सच्या फेअरवेलचे फोटो आधी बाजूला काढून.

तिसरा शनिवार: निर्दोष रेकॉर्डिंग, आणि दशावतार. कार्यक्रम मात्र बारा मिनिटं उशिरा सुरू झालेला, शेवट कापला गेला होता. म्हणून आधी पाच मिनिटं आणि नंतर अर्धा तास जास्तीचा ठेवला. मावशी रोज सकाळी विचारायच्या, "आला का गं दादा?" हे ऐकायला विचित्र वाटायचं, पण त्यांच्या तोंडी अगदी साधं होतं. रविवारी सकाळी तर मेसमध्ये जायचं माझ्या जिवावर यायचं.

चौथ्या शनिवारच्या दुपारी मी गच्चीवर जाऊन छत्रीचा खिळखिळा झालेला बोल्ट आवळला आणि छत्री किंचित फिरवून दर्जा तेराच्या वर नेला. पाऊस निर्दोष असला तरी त्याच्याशी वैर नको. त्या रात्री तो आलाच. मी जिन्याखाली बादलीवर बसून आकडा बघत होते. तेरा, अकरा, नऊ, सात. साडेअकराला पाच. आता हा खरोखरचा पाऊस होता आणि पाव ओहमसारखा त्यावर काही इलाज नव्हता. पहिली चार मिनिटं चित्राचा भुगा. मग आकडा हळूहळू सात, नऊ, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: गोंधळ.

त्यांचीच पार्टी होती. गावाचं नाव आलं तेव्हा माझी खात्री पटली. पुढचे सव्वीस मिनिटं एकही डबा गळाला नाही.

मावशींच्या मोबाईलवर चालावं म्हणून दुसऱ्या दिवशी फाइल बदलून घेतली. त्यातही एक खुबी आहे. जुन्या पद्धतीच्या टीव्हीचं चित्र अर्ध्या-अर्ध्या रेघांनी येतं, आधी विषम, मग सम, सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. तशीच्या तशी जोडली तर वेगाने हलणाऱ्या गोष्टीला कंगव्यासारखे दाते फुटतात. इथे नेमक्या त्या संबळाच्या काठ्या! नेहमीची पद्धत पंचवीस चित्रं ठेवते आणि अर्धी हालचाल टाकून देते. मी पन्नासच्या पन्नास ठेवली. फाइल मोठी झाली, पण काठ्या काठ्यांसारख्या दिसायला लागल्या.

रविवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर मेसमध्येच लावलं. दादा मागच्या रांगेत, कडेला. बहुतेक वेळ मुख्य गोंधळ्यांच्या पगडीमागे झाकलेले. चेहरा धड असा दोनदाच दिसला. पण संबळ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येत होतं, आणि मधे एकदा कॅमेरा अकरा सेकंद फक्त हातांवर थांबला. मावशी म्हणाल्या, "करंगळी बघ त्याची. गुऱ्हाळात मोडलेली." मग त्यांनी स्क्रीनकडे बघणं सोडून दिलं आणि परात जवळ ओढून कणीक मळायला घेतली, ऐकत ऐकत. मी चार मिनिटांचा भुगा कापून देऊ का विचारलं. "नको. त्यात बी तो वाजवतोय की," म्हणाल्या. खरंच होतं. आवाजाला चित्रापेक्षा फार कमी डबे लागतात, त्यामुळे चित्र फुटलं तरी आवाज मधूनमधून तगून राहतो.

तीन मेमरी कार्डांवर प्रती करून दिल्या: एक मावशींना, एक वहिनींना, एक त्या विहिरीवाल्या पुतण्याला. जिन्याखालच्या दारावर आता कुणीतरी कागद चिकटवलाय. त्यावर वॉचमन काकांनी कुस्ती लिहिलीय, रेक्टर मॅडमनी एक जुनं नाटक आणि पोहेवाल्या काकांनी नुसतंच 'भजन, कुठलंबी'. डिस्कवर ३१ जीबी उरलेत.